कबाड्याच्या शेडमागचा पालक

इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीतले घर. रामबाग-नारायणबागेच्या आसपासचे म्हणा, गल्ली सांगत नाही. पुढे ओटा, मागे लांबट परस आणि परसाच्या टोकाला पत्र्याची शेड. ही शेड काकांनी बरीच वर्षे एका कबाड्याला भाड्याने दिली होती. तो गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतले शिसे काढून विकायचा, आणि वायरी जाळून तांबे वेगळे करायचा. पुढे भाडेकरू गेला, परस मोकळे झाले आणि काकूंनी तिथे वाफे काढले. पालक, मेथी, लाल माठ, मुळा. न्हाणीच्या पाण्यावर अळू. कुंपणावर गिलकीचा वेल.

शेडच्या दाराशी एक कोपरा असा होता की तिथे गवताचे पातेही येत नसे. बॅटऱ्यांतले ॲसिड तिथेच ओतले जाई. काकूंनी त्या कोपऱ्याभोवती विटा लावून तो सोडून दिला. "तेवढी जागा जळलीय," असे त्या म्हणत. बाकी माती मालव्याची, काळी. काकांचे नेहमीचे पालुपद होते, "मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर." आणि पालक आलाही तसाच: पान तळहाताएवढे, गडद हिरवे, ना कीड ना डाग. शेजारीपाजारी जुड्या वाटल्या जात.

प्रश्न काढला सुनेने. नातू रांगायला लागला होता आणि परसात सोडला की मातीचे बोट तोंडात घालत होता. बॅटरीत शिसे असते एवढे तिला माहीत होते. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि त्या घरी माझे जाणे-येणे आहे, म्हणून तिने मला विचारले. काकूंना ते फारसे रुचले नाही. पालकाची जुडी माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "अगं, विष असतं तर हे असं उगवलं असतं का?"

हे सगळे प्रकरण या एका वाक्याभोवती फिरते, आणि वाक्य वेडगळ नाही. जस्त, तांबे किंवा निकेलबद्दल काकू बोलत असत्या तर मी मान डोलावली असती. मातीत हे धातू फार झाले की झाड आधी स्वतःच पिवळे पडते, खुरटते, मुळे आखूड आणि तपकिरी होतात. माणसाला बाधेल इतके जस्त पानात साठायच्या आत भाजी विकण्याच्या लायकीची राहत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रूफस चेनी यांनी १९८० मध्ये याला माती आणि झाड यांच्यामधला अडसर म्हटले. शिसे, पारा, क्रोमिअम यांच्यापुढेही अडसर असतो, पण तो वेगळ्या जागी. हे धातू मातीच्या कणांना नाहीतर मुळांच्या सालीला चिकटून बसतात, वर फारसे चढत नाहीत. या सगळ्या अडसरांतून सुटतो तो कॅडमिअम. झाडाला तो सोसवतो, वर पानापर्यंत चढतो, आणि पान हिरवेगार असतानाच खाणाऱ्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

म्हणजे काकूंच्या वाक्यातले "विष" कुठले, यावर उत्तर अवलंबून होते.

मुळापासून पानापर्यंत

कॅडमिअमचा झाडाला काहीही उपयोग नाही. मग झाड त्याला आत घेते तरी का? मुळाच्या पेशीच्या पडद्यात लोह, जस्त, मँगनीज आत ओढणारी प्रथिने असतात. कॅडमिअमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आकाराने आणि भाराने यांच्या इतका जवळचा की तो त्याच दारातून आत येतो, लग्नघरात वऱ्हाडी म्हणून जेवून जाणाऱ्या परक्या माणसासारखा. भातात मँगनीजचे दार, अनेक रुंद पानांच्या झाडांत लोहाचे दार, अशी ही दारे आता नावानिशी माहीत झाली आहेत.

इथे मालव्याच्या मातीचा एक पेच आहे. काळी माती अल्कधर्मी, तिचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. अशा मातीत चिकणमातीचे कण आणि चुना धातूंना धरून ठेवतात, त्यामुळे कॅडमिअम पाण्यात कमी उतरतो. ही जमेची बाजू. पण त्याच मातीत लोहही झाडाला सहज मिळत नाही. लोहाची उपासमार झाली की झाड लोहाची दारे वाढवते, मुळाभोवती आम्ल सोडते, आणि त्या गडबडीत कॅडमिअमचीही सोय होते. काकूंच्या परसात त्यात दोन गोष्टींची भर होती. ॲसिडने शेडलगतच्या मातीचा चुना खाल्ला होता, आणि बोअरचे पाणी खारट होते. पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमली की कॅडमिअम मातीच्या कणाला धरून राहत नाही, मोकळा फिरतो. जमिनीची "गहन गंभीर" ताकद अशी दोन्हीकडून कुरतडली गेली होती.

मुळात शिरल्यावर खरी कसोटी. मुळाच्या मधल्या नळीभोवती पेशींचे एक कडे असते आणि त्या पेशींच्या भिंतींत पाणी झिरपू न देणारा थर असतो, त्याला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. पेशीबाहेरच्या फटींतून झिरपत आलेले पाणी इथे अडते; पुढे जायचे तर पेशीच्या आतूनच जावे लागते. शिशाचा प्रवास बहुतेक याच्या आधीच संपतो. ते पेशीभित्तिकेला चिकटते किंवा फॉस्फेटबरोबर न विरघळणारा साका होऊन बसते. कोवळ्या टोकाला, जिथे पट्टी अजून तयार झालेली नसते, तिथून थोडे निसटते. कॅडमिअम मात्र जस्ताच्याच पंपावर बसून जलवाहिनीत उतरतो आणि बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने पानात पोचतो.

आता सोसण्याचा भाग. मोकळा कॅडमिअम पेशीत फिरत राहिला तर प्रथिनांतल्या गंधकाला पकडून त्यांचे काम बंद पाडतो. म्हणून झाड स्वतःच गंधकाचे आमिष तयार करते. १९८५ मध्ये जर्मनीत ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी ही रेणूंची साखळी वेगळी काढली, तिला फायटोचेलाटिन नाव दिले. त्यांनी प्रयोगाला घेतलेल्या पेशी आपल्या सर्पगंधेच्या होत्या. ग्लुटाथायोन हा गंधक असलेला छोटा रेणू पेशीत नेहमीच असतो. कॅडमिअम दिसताच एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे जोडून फायटोचेलाटिन विणू लागते. वेगळा हुकूम लागत नाही, कॅडमिअमची हजेरीच पुरते. ही साखळी धातूला गुंडाळते आणि ते गाठोडे पेशीतल्या रिक्तिकेत ढकलले जाते. रिक्तिका म्हणजे पेशीच्या मध्यावरची पाण्याची मोठी पिशवी. पालकाच्या पानात पेशीची बहुतेक जागा तिनेच व्यापलेली असते. हरितद्रव्य, श्वसन, वाढ हे सगळे पिशवीच्या बाहेर चालते. विष आत बंद. झाड म्हणून टवटवीत.

आपण मात्र पिशवीसकट पान खातो. जठरातल्या आम्लात गाठोडे सुटते आणि कॅडमिअम आतड्यातून शरीरात जातो, पुन्हा लोहाच्याच दारातून. म्हणून अंगात लोह कमी असलेल्या बाईच्या शरीरात तो जास्त शोषला जातो. मूत्रपिंडात एकदा बसला की निम्मा होईपर्यंत १० ते ३० वर्षे जातात. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भाताने इताई-इताई हा हाडे मोडणारा रोग झाला. सरकारने १९६८ मध्ये त्याचे कारण कॅडमिअम असल्याचे मान्य केले. त्यात सोसले ते बहुतेक अनेक बाळंतपणे झालेल्या, वयस्क बायकांनी.

हे मी काकूंना एवढे तपशिलाने सांगितले नाही. "झाड विष पचवत नाही, कप्प्यात कोंडून ठेवतं, आणि तो कप्पा आपण फोडणीला घालतो," इतकेच म्हटले. त्या गप्प बसल्या, पण जुडी फ्रिजमध्ये गेली.

नमुना घेण्यातली खुबी

असल्या प्रकरणात अर्धे भांडण नमुन्याचे असते. घरच्यांना वाटत होते, चिमूटभर माती द्यावी. आम्ही प्रत्येक वाफ्यातून नागमोडी फिरत अनेक ठिकाणची वरची वीतभर माती घेतली, एका वाफ्याची एकत्र कालवली आणि त्यातून एक पुडी केली. उजाड कोपऱ्याची पुडी वेगळी. परसाच्या पार दुसऱ्या टोकाची, तुळशी वृंदावनाजवळची माती तुलनेसाठी. जस्ताचा मुलामा असलेली घमेली-खुरपी टाळली. प्लास्टिकचे फावडे आणि टब वापरले.

पालकाचे मी दोन वाटे केले. एक जसा तोडला तसा, नुसती माती झटकून. दुसरा नळाखाली तीनदा धुऊन, शेवटी बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यातून काढून. (बॅटरीच्या पापाला बॅटरीचेच पाणी, हे सुनेचे वाक्य.) दोन्ही वाटे प्रयोगशाळेला वेगवेगळ्या नावांनी दिले. खर्च दुप्पट झाला, पण याच एका गोष्टीने प्रकरण सुटले.

अहवाल आला तेव्हा काकूंच्या मुलाचा फोन रात्री आला. "ताई, मर्यादेच्या कितीतरी पट निघालंय." तो घाबरला होता, आणि घाबरण्यात एक ठरलेली गफलत होती. प्रयोगशाळेने आकडे वाळवलेल्या पानाच्या वजनावर दिले होते. अन्नाच्या मर्यादा ताज्या भाजीच्या वजनावर असतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या यादीत पालेभाजीला शिसे किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमिअम ०.२ मिलिग्रॅम. पालकात सुमारे ९१ टक्के पाणी. म्हणजे सुक्या वजनावरचा आकडा ०.०९ ने गुणावा लागतो. सुक्यावर किलोला २ मिलिग्रॅम दिसले तर ताज्यात ते ०.१८, मर्यादेच्या आत. हा गुणाकार न करता लोक परसबागा उखडतात, आणि उलट दिशेने, मातीचा आकडा भाजीच्या मर्यादेशी ताडून बघणारेही भेटतात. अहवालावर "सुक्या वजनावर" असे बारीक अक्षरांत छापलेले असते, तेच आधी शोधावे.

गुणाकार केल्यावर जे उरले ते असे. एका परसाचे, एका हंगामाचे आकडे कुणी आपल्या अंगणाला लावू नयेत म्हणून ते इथे देत नाही. कमी-जास्त तेवढे सांगते.

मातीत शिसे भरपूर, शेडकडून तुळशीकडे जाताना उतरत गेलेले. कॅडमिअम त्या मानाने किरकोळ. मुलाने अहवालातल्या त्या ओळीवर बोटही ठेवले नव्हते. न धुतलेल्या पालकात शिसे मर्यादेच्या वर. धुतलेल्यात बरेच खाली, आत आलेले. म्हणजे पानावरचे शिसे बहुतांशी पानात नव्हतेच, पानावर होते: पावसाच्या थेंबांनी उडालेली माती, शेडच्या झाडलोटीची धूळ. आणि कॅडमिअम? धुतलेल्यात आणि न धुतलेल्यात जवळपास तेवढाच, शेडलगतच्या वाफ्यात मर्यादेच्या वर. नळाखाली धरून तो जाणार नव्हता, कारण तो रिक्तिकेत होता.

मातीतला ढीग शिशाचा, ताटातला प्रश्न कॅडमिअमचा. एकाच पानात.

मुळ्याची गोष्ट उलटी. तिथे शिसे त्रास देते, कारण झाड ज्या अवयवात शिसे अडवते तोच अवयव आपण खातो. मुळा, गाजर, बीट सोलले तरी सगळे जात नाही. गिलकीच्या फळात दोन्ही धातू फारसे नव्हते. तेही अपेक्षितच होते, कारण फळ आणि दाणे रसवाहिनीतून भरतात आणि त्या वाटेवर धातूला पुन्हा एकदा चाळणी लागते. ढोबळ मानाने पाने सगळ्यात वाईट, मग मुळे-कंद, मग फळे. याला अपवाद आहेत. सूर्यफुलाच्या आणि जवसाच्या बियांत कॅडमिअम बऱ्यापैकी जातो, तंबाखूच्या पानाचे तर विचारूच नका.

उजाड कोपऱ्याने मात्र सगळ्यांना फसवले होते. तिथे काही उगवत नव्हते ते मुख्यतः आम्लामुळे. घरच्यांनी त्यालाच विषाची हद्द मानले आणि विटांच्या रांगेला लागून पहिला वाफा काढला. धातूने विटा कधीच ओलांडल्या होत्या, फक्त तिथली माती झाडाला जगू देण्याइतकी बरी होती.

मोहरी लावून माती धुवायचा बेत

मुलगा वाचणारा. त्याने दुसऱ्याच आठवड्यात योजना मांडली: वाफ्यांत मोहरी आणि सूर्यफूल लावायचे, ती झाडे धातू ओढतील, उपटून टाकायची, तीन-चार हंगामांत माती स्वच्छ. चेर्नोबिलजवळ सूर्यफुले लावली होती, हा त्याचा हुकमी एक्का. लावली होती हे खरे, १९९० च्या दशकात, तळ्यातल्या पाण्यावर तरंगती, पाण्यातले किरणोत्सारी सीझिअम आणि स्ट्राँशिअम मुळांनी ओढून घ्यायला. मातीत चिकटून बसलेल्या शिशाशी त्याचा संबंध नाही.

मी त्याला कागद घ्यायला लावला. हिशोबासाठी सोयीचे आकडे धरले, परसाचे नव्हेत. १० चौरस मीटर वाफा, वरची २० सेंटिमीटर माती, घनमीटरला १.३ टन धरले तर २,६०० किलो माती. तीत शिसे किलोला ५०० मिलिग्रॅम धरा: एकूण १.३ किलो शिसे. मोहरीचे पीक भरघोस आले आणि एवढ्या वाफ्यातून १० किलो सुका पाला निघाला. त्यात शिसे किलोला ५० मिलिग्रॅम, हेही उदारपणेच. एका पिकाबरोबर बाहेर गेले अर्धा ग्रॅम. निम्मे शिसे काढायचे म्हणजे ६५० ग्रॅम, म्हणजे १,३०० पिके. वर्षाला तीन घेतली तरी चारशे वर्षांच्या वर. अहिल्याबाईंच्या काळात सुरुवात केली असती तरी अजून बरेच बाकी असते, असे काका म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा घरात सगळे हसले.

कॅडमिअमचा हिशोब इतका निराशाजनक नाही. किलोला ३ मिलिग्रॅम धरला तर त्याच मातीत ७.८ ग्रॅम. पाल्यात किलोला १० मिलिग्रॅम आला तर एका पिकाला ०.१ ग्रॅम, निम्म्यासाठी ३९ पिके, तेरा वर्षे. प्रत्यक्षात मातीतला सुटा कॅडमिअम संपत गेला की पुढचे पीक कमी उचलते, त्यामुळे आणखी लांबते. आणि तेरा वर्षे तो पाला ठेवणार कुठे? जाळला तर हवेत, खड्ड्यात कुजवला तर परत वाफ्यात, गाईला घातला तर दुधाच्या-मांसाच्या वाटेने पुढे.

मग धातू पानात भरमसाट साठवणाऱ्या, ज्यांना अतिसंचयी वनस्पती म्हणतात त्या? हा शब्द १९७६ मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडामुळे रूढ झाला. त्या झाडाचा चीक हिरवट निळा असतो आणि सुकवलेल्या चिकात सुमारे चौथा हिस्सा निकेल निघतो. अशा सातशेहून अधिक जाती आता माहीत आहेत, पण त्यांतल्या बहुसंख्य निकेलवाल्या. पानात सुक्या वजनावर किलोला १,००० मिलिग्रॅम निकेल किंवा १०० मिलिग्रॅम कॅडमिअम असला तर झाड या पंगतीत बसते. ही झाडे इतर झाडांसारखी अडसर घालत नाहीत; त्यांच्या मुळांतले पंप उलट जास्त जोराने धातू वर पाठवतात. युरोपातल्या एका छोट्या जंगली मोहरीवर्गीय झाडात जस्ताच्या पंपाचे जनुक एकाच्या जागी तीन झालेले आढळले. एवढा खटाटोप कशासाठी, यावर सगळ्यात पटणारे उत्तर किडींचे: धातूने भरलेले पान अळीला नकोसे होते. काकूंच्या निष्किडी पालकाचे कारण मात्र तेच असेल असे मी म्हणणार नाही. त्या राख भुरभुरवत, आणि थंडीच्या दिवसांत कीड तशीही कमी.

काकूंच्या विहिरीच्या जुन्या चुन्याच्या कठड्यात लांब पात्यांचे नेचे उगवलेले होते. मुलाने फोटो पाठवून विचारले, हेच का ते? असावे. २००१ मध्ये फ्लोरिडात, लाकडाला औषध लावायच्या एका जुन्या जागेवर, अशाच नेच्याने आर्सेनिक पानात दोन टक्क्यांच्या पुढे साठवलेले सापडले होते. आपल्याकडे तो भिंतींतून आपोआप येतो. पण तो आर्सेनिकचा गिऱ्हाईक. शिशावर त्याचा उपयोग नाही, आणि या मातीत आर्सेनिकची तक्रार नव्हती. कुठले झाड कुठल्या धातूसाठी, हे जुळल्याशिवाय बेत करण्यात अर्थ नाही. आणि शिशासाठी परसात लावावे असे झाड मला माहीत नाही. मातीत ईडीटीए हे धातूला पकडणारे रसायन ओतून शिसे सुटे करायचे आणि मग मोहरीला पाजायचे, असाही उपाय १९९० च्या दशकात गाजला. मोहरी थोडे जास्त उचलते हे खरे, पण सुटलेले उरलेले शिसे पावसाबरोबर खाली जाते. ज्या घराची विहीर वाफ्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथे हे सुचवणाऱ्याला मी चहाही देणार नाही.

केले काय

सगळ्यात आधी नातू. शिशाच्या बाबतीत त्याला पालकापेक्षा मातीचा धोका मोठा होता: रांगणे, बोट तोंडात, शेडमधून आलेल्या चपलांची धूळ. शिशाला सुरक्षित अशी मात्रा नाही. आधी धरलेली आठवड्याची सोसवणारी मर्यादा अन्नतज्ज्ञांच्या जागतिक समितीने २०१० मध्ये मागे घेतली. रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असले तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून रक्त तपासून घ्यायला सांगितले आणि पुढचे त्यांच्यावर सोडले. ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे. परसात चपला वेगळ्या, घरात वेगळ्या. केराच्या झाडूऐवजी ओले पोतेरे. काकांना हे सोवळे वाटले, पण त्यांनी पाळले.

मग वाफे. शेडपासून परसाच्या मध्यापर्यंतची पालेभाजी आणि मुळा बंद. अळू काढले, न्हाणीचा ओलावा सतत असल्याने तिथे मुळे दाट होती आणि पाने मोठी, आणि काकूंचा जीव त्यातच जास्त गुंतला होता. अळूच्या वड्यांची पाने आता चोइथराम मंडीतून येतात, ती कुठल्या पाण्यावर वाढली हे कुणी सांगू शकत नाही हे मलाही मान्य आहे. काकांनी तोच मुद्दा काढला: "बाहेरची तरी शुद्ध कशावरून?" बरोबर आहे. फरक इतकाच की बाजारची भाजी रोज वेगवेगळ्या शेतांतली येते, घरची रोज त्याच वाफ्यातली. कॅडमिअमचा हिशोब महिन्यांचा आणि वर्षांचा असतो (जागतिक समितीची मर्यादाही महिन्यावरच मोजलेली आहे: वजनाच्या किलोमागे २५ मायक्रोग्रॅम), तिथे एकाच वाफ्यावर रोजचे जेवण असणे हाच धोका.

शेडलगत झेंडू, मोगरा, जास्वंद. तुळशीकडच्या बाजूला विटांचे उंच वाफे, तळाला जाड कापड, आत बाहेरून आणलेली माती. त्यांत गिलकी, दोडकी, टोमॅटो, वांगी, आणि काकूंच्या हट्टाखातर एका कोपऱ्यात मेथी. उरलेल्या उघड्या मातीवर पाल्याचे जाड आच्छादन, म्हणजे थेंब पडून माती उडणार नाही. मुलाने चुना टाकायचे सुचवले होते; आम्ल जमिनीत तो रामबाण, इथे फक्त उजाड कोपऱ्यात त्याला काम होते, बाकी मातीत तो आधीच पुरेसा आहे.

कंपोस्ट मात्र भरपूर घालायला सांगितले, कारण कुजलेले सेंद्रिय द्रव्य शिशाला घट्ट धरते. आणि कंपोस्टसाठी इंदूरकराला दुसरीकडे बघायची गरज नाही. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते. यशवंत वाड यांच्यासोबत त्यांनी बसवलेली थर रचून कुजवण्याची रीत जगात इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. गांधीजी १९३५ मध्ये ती बघायला इथे आले होते. खत घरच्या ओल्या कचऱ्याचे असेल तर प्रश्न नाही. विकतचे शहरी कंपोस्ट घ्यायचे तर पिशवीवरचा तपशील वाचावा. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी किलोला शिसे १०० आणि कॅडमिअम ५ मिलिग्रॅम एवढी कमाल मर्यादा आहे. उंच वाफ्यात घरचेच घाला, असे मी सांगितले.

पुढच्या हंगामात उंच वाफ्यातली मेथी आणि गिलकी पुन्हा तपासली. दोन्ही धातू मर्यादेच्या बरेच आत. जुन्या वाफ्यात कसोटीसाठी ठेवलेल्या पालकाच्या चार रोपांत कॅडमिअम पूर्वीपेक्षा थोडा कमी, तरी खाण्याजोगा नव्हे. कंपोस्टने एका हंगामात एवढेच होते. ती रोपे उपटताना काकू म्हणाल्या, "दिसायला काय सुरेख आहेत मेली."

शेडचा प्रश्न अर्धवट राहिला आहे. खरे म्हणजे जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हव्यात, असा नियम २००१ मध्ये आला; २०२२ मध्ये त्याच्या जागी नवे नियम आले. परसातल्या शेडमध्ये त्या फोडणे त्यात बसतच नाही. पण भाडेकरू गेला आणि राख मागे राहिली. खरवडलेली वरची माती घरगुती कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही यावर एकमत झाले; घातक कचऱ्यासाठी पिथमपूरला सोय आहे, पण एका घराने तिथे माती पोचवायची रीत काय, हे मुलगा अजून विचारतो आहे. तोवर शेडची जमीन आणि उजाड कोपरा ओला करून, माती न उडवता, वर सिमेंट काँक्रीटचा थर घातला आहे. दोन्ही अहवाल आणि परसाचा हाताने काढलेला नकाशा, कुठे काय निघाले याच्या खुणांसह, घराच्या रजिस्ट्रीच्या फाइलीत लावला. उद्या कुणी तिथे पाया खणला तर त्याला कळावे. काँक्रीटला तडा गेला की कळवा, आणि उंच वाफ्यांची माती दर दोन वर्षांनी तपासा, असे सुनेला लिहून दिले आहे.